'काहीही चालेल': गणपतीतल्या एका फूड ड्राइव्हचं प्रकरण

हे न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळाचं प्रकरण आहे. मंडळाचं, गावाचं आणि चर्चचं नाव मुद्दाम घेत नाहीये, आणि दोनतीन माणसांचे तपशील थोडे बदललेत, ओळखीचे वाटले तर वाटू देत. मी त्या वर्षी कमिटीत होते, फ्लायर मीच लिहिलं होतं, त्यामुळे जे काही चुकलं त्यात माझा वाटा चांगला घसघशीत आहे.

पार्श्वभूमी

मंडळ मध्यम आकाराचं, सव्वादोनशेच्या आसपास कुटुंबं. गणपती २०२४ साली ७ सप्टेंबरला बसले पण आमचा मोठा कार्यक्रम पुढच्या शनिवारी म्हणजे १४ तारखेला शाळेच्या हॉलमध्ये होता, कारण हॉल तेव्हाच मिळाला (इथे पंचांगापेक्षा हॉलचं बुकिंग मोठं). दरवर्षी काहीतरी सामाजिक करायचं असतं, त्या वर्षी ठरलं की गावातल्या फूड पँट्रीसाठी धान्य गोळा करूया.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, फूड बँक म्हणजे मोठं गोदाम, जिथून ट्रकने माल वाटला जातो, आणि पँट्री म्हणजे गावातलं शेवटचं टोक, जिथे प्रत्यक्ष माणसं येऊन पिशवी भरून नेतात. आमच्या गावची पँट्री एका चर्चच्या तळघरात आहे. दोन फ्रीज, एक डीप फ्रीझर, भिंतीला लागून रॅक, मंगळवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी उघडते, आठवड्याला साधारण १४० कुटुंबं येतात. तयार पिशवी हातात देत नाहीत, लोक दुकानासारखं रॅकवरून आपल्याला हवं ते उचलतात, त्यामुळे जे कोणाला नको ते रॅकवर तसंच बसून राहतं आणि जागा अडवतं. चालवणाऱ्या बाई रिटायर्ड शाळामास्तरीण, त्यांना आपण कोऑर्डिनेटर म्हणू, बाकी सगळे व्हॉलंटियर साठीच्या पुढचे.

हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, कारण आम्ही त्यांना आधी फोनच केला नाही. वेबसाइटवर 'डोनेशन्सचं स्वागत' असं लिहिलेलं होतं तेवढं बघितलं आणि व्हॉट्सअॅपवर फ्लायर टाकलं: "बाप्पाच्या चरणी धान्यदान. तांदूळ, डाळ, कणीक, कॅन, काहीही चालेल!"

अडचण

लोकांनी भरभरून आणलं. खरंच भरभरून. बाप्पाच्या समोर ढीग लागला, आरतीनंतर सगळ्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले, एका काकांनी घरचा वजनकाटा आणला आणि रात्री अकरापर्यंत सगळं मोजलं तर १,२४० पाउंड भरलं. रविवारी दुपारी तीन मिनीव्हॅन भरून चर्चला गेलो. पँट्री रविवारी बंद असते हे तिथे गेल्यावर कळलं, कोऑर्डिनेटर बिचाऱ्या जेवण सोडून किल्ली घेऊन आल्या, तळघराचा जिना अरुंद, वीस वीस पाउंडाच्या बॅगा आमची पोरं खाली नेत होती आणि त्या बाजूला उभ्या राहून थँक्यू थँक्यू म्हणत होत्या पण त्यांचा चेहरा काही वेगळंच सांगत होता. मला तो कळला होता, मी दुर्लक्ष केलं.

सोमवारी फोन आला. खूप गोड बोलल्या, पण मुद्दा हा की मंगळवारी दुकान उघडायचंय आणि रॅकपर्यंत पोचायला वाट नाही. "तुमचं मन मोठं आहे, माझं तळघर लहान आहे."

मी आणि खजिनदार सोमवारी ऑफिसनंतर गेलो आणि पहिल्यांदा ढीग वेगवेगळा लावला. ४६० पाउंड म्हणजे २० पाउंडाच्या २३ बॅगा, १६ तांदळाच्या आणि ७ कणकेच्या. एका कुटुंबाला एवढी मोठी बॅग दिली तर तांदूळ पहिल्या सोळा जणांना मिळणार आणि बाकीचे बघत बसणार, शिवाय बसने येणारी बाई ती बॅग नेणार कशी. १७० पाउंड सुटं: झिपलॉकमध्ये भरलेली डाळ, पोहे, साबुदाणा, कोणीतरी घरच्या डब्यातून काढून प्रेमाने आणलेलं. लेबल नाही, तारीख नाही, म्हणजे पँट्रीला ठेवताच येत नाही. १४० पाउंड काचेच्या बरण्या, लोणची, सॉस, जॅम. दोन फुटल्या होत्या आणि लोणच्याचं तेल खालच्या सीरियलच्या खोक्यांवर गेलं होतं, तळघरात आंब्याच्या लोणच्याचा वास चार दिवस होता म्हणे. ११० पाउंड तारीख उलटून गेलेलं, त्यात बाळाच्या फॉर्म्युल्याचे (दुधाच्या पावडरीचे) चार डबे. आणि उरलेलं ३६० पाउंड, जे जसंच्या तसं रॅकवर लावता येईल.

१,२४० मधले ३६०. फेसबुकवर मात्र १,२४० गेलं होतं.

पहिला निर्णय: या ढिगाचं करायचं काय

त्या रात्री कमिटीचा झूम झाला, पावणेदोन तास. अध्यक्षांचं म्हणणं होतं की आपण दिलं, आता त्यांचं ते बघतील, नको ते टाकतील. पण टाकायचं म्हणजे कोणी टाकायचं, तर सत्तर वर्षांच्या आजोबांनी वीस पाउंडाच्या बॅगा परत जिन्याने वर आणून डंपस्टरमध्ये, आणि कचऱ्याचं बिल चर्चला. हा पर्याय ऐकायला सोपा होता पण तो भार दुसऱ्याच्या डोक्यावर होता. दुसरं मत, सगळं परत आणा आणि देवळाच्या महाप्रसादाला द्या. हे चांगलं होतं पण लोकांनी दिलं होतं पँट्रीच्या नावाने, ते न सांगता देवळात वळवायचं हे खजिनदाराला पटत नव्हतं, आणि त्याचं बरोबर होतं.

एक जण कायदा घेऊन आला. इथे १९९६ पासून बिल इमर्सन गुड समॅरिटन कायदा आहे, चांगल्या भावनेने अन्नदान केलं तर देणाऱ्यावर आणि वाटणाऱ्या संस्थेवर सहसा खटला चालत नाही, मग ही लोकं एवढं का घाबरतात असा त्याचा सूर. मी हे दुसऱ्या दिवशी कोऑर्डिनेटरना जरा घाबरतच विचारलं तर त्या हसल्या. कायदा वकिलापासून वाचवतो, म्हणाल्या, पण उघड्या पुड्यात शेंगदाणा होता की नाही हे मला कायदा सांगत नाही, आणि ज्याच्या पोराला अॅलर्जी आहे तो मला विचारतो. (२०२३ पासून तीळसुद्धा अॅलर्जीच्या सक्तीच्या यादीत आलाय, नववा. आपल्या निम्म्या चटण्या तिथेच बाद.)

तारखांच्या बाबतीत मात्र उलटं निघालं. आम्ही ११० पाउंड सगळंच फेकायला निघालो होतो, त्यांनी थांबवलं. डब्यावरची 'बेस्ट बाय' तारीख ही चवीची असते, केंद्राचा कायदा फक्त बेबी फॉर्म्युल्याची तारीख बंधनकारक मानतो. राजमा, मका असले कमी आंबट डबे दोन ते पाच वर्षं नीट राहतात, टोमॅटो-अननसासारखे आंबट वर्ष दीड वर्ष. फुगलेला किंवा जोडावर चेपलेला डबा मात्र ताबडतोब बाहेर, त्यात बोट्युलिझमची, म्हणजे जीवघेण्या विषबाधेची भीती. त्यांच्याकडे भिंतीवर तक्ताच होता. निम्मं वाचलं, फॉर्म्युला गेला.

शेवटी काय केलं

तांदळाच्या १२ बॅगा शेजारच्या शहरातल्या सूप किचनला दिल्या, जिथे रोज गरम जेवण शिजतं, त्यांना मोठीच बॅग हवी असते, त्यांनी दारात येऊन नेल्या. ४ बॅगा चर्चच्या इन्स्पेक्शन झालेल्या किचनमध्ये ग्लोव्ह्ज-हेअरनेट घालून दोन दोन पाउंडाच्या पिशव्यांत भरल्या, लेबलं लावली, ४० पिशव्या झाल्या. हे काम कोणी केलं तर व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबा मंडळींनी, दोन तासात, गप्पा मारत. त्यातल्या एक आजी मला म्हणाल्या, अगं हे असं काम आहे तर आधी का नाही सांगितलंस, आम्ही घरी भिंती बघत बसतो. कणकेच्या ७ बॅगा देवळाला गेल्या, पण देणाऱ्यांना ग्रुपवर स्पष्ट सांगून.

सुटी डाळ आणि काचेच्या बरण्या कमिटीतल्या नऊ जणांनी वाटून घरी नेल्या आणि त्याची दुकानातली किंमत जेवढी होईल तेवढे पैसे पँट्रीला दिले. आमच्याकडे डिसेंबरपर्यंत पोहेच पोहे होते.

ग्रुपवरचा मेसेज लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सगळं खरं सांगायचं की नुसतं 'खूप मदत झाली' म्हणायचं? अध्यक्ष म्हणाले नको, लोकांचा उत्साह जाईल, पुढच्या वर्षी कोणी आणणार नाही. आम्ही आकडे तसेच टाकले. दोन जण चिडले, एक काका म्हणाले "दानाच्या गाईचे दात मोजतात का", आणि खरं सांगू तर त्यांचा राग मला समजतो, आपल्याकडे घेणाऱ्याने नाक मुरडायचं नसतं. पण इथे नाक घेणाऱ्याने मुरडलंच नव्हतं, आम्हीच विचारलं नव्हतं. त्याच थ्रेडखाली चौदा जणांनी 'मग नक्की काय लागतं ते सांगा' असं लिहिलं.

एक गंमत इथेच सांगते. ३६० पाउंडात मसूर आणि तुरीच्या सीलबंद पुड्या होत्या. कोऑर्डिनेटरना शंका होती की कोण नेणार. मसूर पहिल्या मंगळवारी संपली, इजिप्शियन आणि तुर्की कुटुंबांनी नेली, त्यांच्याकडे मसुराचं सूप रोजचं. तूरडाळ सहा आठवडे बसून होती. मसूर साध्या पातेल्यात वीसेक मिनिटांत शिजते, तुरीला कुकर लागतो आणि कुकर घरात असतो कोणाच्या. म्हणजे 'भारतीय सामान नको' हाही निष्कर्ष चूक होता आणि 'डाळ सगळ्यांना चालते' हाही. आता मसुराच्या पुडीला एक छोटं कार्ड लावतो, एक कप डाळ, तीन कप पाणी, मीठ.

दुसरा निर्णय: पैसे की वस्तू

ऑक्टोबरमध्ये कोऑर्डिनेटरना कमिटीच्या मीटिंगला बोलावलं. त्यांनी सरळ सांगितलं, माझ्यासाठी पैसे सगळ्यात बरे, होलसेलला मला तुमच्यापेक्षा खूप जास्त मिळतं. आणि मग आमच्या डोक्यात उशिरा ट्यूब पेटली की आमच्यातले निम्मे ज्या कंपन्यांत आहेत त्या डोनेशन मॅच करतात. बेनेव्हिटीसारख्या पोर्टलवरून शंभर डॉलर दिले तर कंपनी वर शंभर घालते. तांदळाच्या बॅगेला कोणी मॅच करत नाही. पँट्रीची संस्था म्हणून स्वतःची नोंदणी असल्याने थेट पँट्रीला द्यायचे, मंडळाच्या खात्यातून फिरवायचेच नाहीत, म्हणजे हिशोबाचीही भानगड नाही.

यावर वाद झाला तो वेगळाच. एक वहिनी म्हणाली की माझा सात वर्षांचा मुलगा स्वतःच्या हाताने डबा ठेवतो तेव्हा त्याला काहीतरी कळतं, मी लॅपटॉपवर क्लिक केलं तर त्याला काय कळणार. हा मुद्दा मला पैशांच्या गणितापेक्षा कमी वाटला नाही. म्हणून दोन्ही ठेवलं: दिवाळीला पैशांचा ड्राइव्ह, ज्यात मॅच धरून ४,३०० डॉलर झाले (मॅचचे पैसे यायला फेब्रुवारी उजाडला, हे आधी सांगून ठेवा नाहीतर लोक खजिनदाराच्या मागे लागतात), आणि मुलांसाठी वर्षातून दोनदा वस्तूंचा, पण यादीत फक्त तीन वस्तू.

वेळही बदलली. नोव्हेंबर-डिसेंबरात थँक्सगिव्हिंगमुळे सगळं गाव देतं, मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पोस्टमन लोकांचा देशभर मोठा ड्राइव्ह असतो, तेव्हा रॅक भरलेले असतात. रिकामे असतात फेब्रुवारीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये, उन्हाळ्यात तर शाळा बंद म्हणजे पोरांचं शाळेतलं जेवण बंद. आम्ही फेब्रुवारी आणि जुलै घेतला. जुलैच्या यादीत सीरियल, पीनट बटर प्लास्टिकच्या डब्यातलं, आणि ट्यूना.

ट्यूनावरून मग जे झालं ते झालं. सगळ्यात जास्त मागणी असलेली वस्तू, आणि मंडळाच्या कार्यक्रमात मासे! एका काकूंनी स्पष्ट सांगितलं, देवासमोर नाही म्हणजे नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपरवरही अशीच कुजबुज, जे सरकारी स्नॅपच्या (कमी उत्पन्नवाल्यांना अन्नासाठी मिळणाऱ्या मदतीच्या) कार्डावर विकतच घेता येत नाहीत म्हणून पँट्रीत त्यांना जास्त मागणी. मी वाद घालणार होते, खजिनदाराने थांबवलं. तोडगा साधा निघाला, ट्यूनाचं खोकं पार्किंगमध्ये एकाच्या गाडीच्या डिकीत. काकूंनीच पुढे चार डझन ट्यूना आणून डिकीत ठेवले, स्वतः हात न लावता, नवऱ्याकरवी.

तिसरा निर्णय, ज्याबद्दल मला अजून खात्री नाही

ऑक्टोबरपासून आमचे दोघेतिघे मंगळवारी वाटपाला व्हॉलंटियर म्हणून जायला लागले, मंडळाचे केशरी टी-शर्ट घालून. तिसऱ्या आठवड्यात आपल्याच ओळखीचं एक कुटुंब जिना उतरून आलं, टी-शर्ट बघितला आणि तसंच परत फिरलं. आमच्या व्हॉलंटियरने हे फक्त मला सांगितलं. नोकरी गेली होती, व्हिसा एच-वन-बी म्हणजे नोकरीवरच टिकणारा, नवीन नोकरीसाठी साठ दिवस, आणि या व्हिसावर स्नॅप मिळत नाही. पँट्री मात्र स्टेटस विचारत नाही, म्हणजे त्यांच्यासाठी ते तळघर हाच एक दरवाजा होता आणि त्या दारात आम्ही उभे होतो.

काय करायचं? फोन करायचा, तर 'आम्ही तुम्हाला बघितलं' हेच सांगणं झालं. दारात सामान ठेवायचं, तर कोणी ठेवलं हे कळणारच. मी ट्यूनावाल्या काकूंनाच नाव न घेता विचारलं, कारण मंडळात माणसं ओळखणाऱ्या त्याच. त्यांचे वडील पुण्यात वार लावून जेवून शिकलेले. त्या म्हणाल्या की ज्या सात घरी ते जेवले त्या घरांचं त्यांनी आयुष्यभर नाव काढलं, पण कोणी चारचौघात 'हे आमच्याकडे वाराला असायचे' म्हटलं की ताटावरून उठायचे. तुम्ही तिथून बाजूला व्हा, एवढंच म्हणाल्या.

म्हणून आम्ही बाजूला झालो. टी-शर्ट बंद, वाटपाच्या वेळी मंडळाचं कोणी नाही, आम्ही गुरुवारी संध्याकाळी पँट्री बंद असताना रॅक लावायला जातो. फोटो फक्त खोक्यांचे. कोऑर्डिनेटरना कारण न सांगता विचारलं की वेळ ठरवून एकट्याने येऊन सामान नेता येईल का, त्या म्हणाल्या ती सोय आहेच, फक्त कुठे लिहिलेली नाही, आणि त्यांनी ती वेबसाइटवर लिहिली. ते कुटुंब परत आलं की नाही मला माहीत नाही, मी विचारलं नाही. फोन करायला हवा होता असं मला काही रात्री वाटतं.

निष्पत्ती

खरी परीक्षा नोव्हेंबर २०२५ ला झाली. १ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचं शटडाउन (खर्चाला मंजुरी नाही म्हणून कामकाज ठप्प) चालू होतं आणि नोव्हेंबरचे स्नॅपचे पैसे वेळेवर कार्डांवर आलेच नाहीत, देशभरात सव्वाचार कोटींच्या आसपास लोक त्यावर असतात. ३० ऑक्टोबरला कोऑर्डिनेटरचा मेसेज आला, तीन ओळींचा: तेलाच्या छोट्या बाटल्या, ट्यूना, पाच नंबरचे डायपर. शनिवारी सकाळपर्यंत सगळं पोचलं, एकही नको असलेली वस्तू नाही (बरं, एक सोडून, एका नवीन मेंबरने २० पाउंडाची बासमती आणलीच, ती सरळ सूप किचनला). त्या शनिवारी रांग जिन्यावरून वर पार्किंगपर्यंत होती असं आम्हाला नंतर कळलं. आमच्यापैकी कोणी तिथे नव्हतं. शटडाउन १२ नोव्हेंबरला संपलं, पण रांग लगेच कमी झाली नाही, म्हणून डिसेंबरमध्ये पैशांचा अजून एक छोटा ड्राइव्ह केला.

वजनात बघितलं तर आम्ही २०२४ च्या त्या एका दिवसाइतकं परत कधीच गोळा केलेलं नाही. जुलै २०२५ ला ४१० पाउंड झालं, पण त्यातलं सगळं रॅकवर गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

फोन. ऑगस्टमध्ये एक दहा मिनिटांचा फोन केला असता तर यातलं तीन चतुर्थांश प्रकरण घडलंच नसतं. आणि फोनवरही 'काय हवंय' एवढंच विचारून उपयोग नसतो, त्या सभ्यपणे 'काहीही चालेल' म्हणतात. 'तुमच्याकडे काय पडून राहतं' असं विचारायचं, मग खरं उत्तर मिळतं. जागा किती, कधी आणायचं, उचलायला कोण असेल, हेही.

रविवारी जिन्यात त्यांचा चेहरा बघितला तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं, तेव्हा गाड्या तिथेच होत्या. आईबाबा मंडळींना पहिल्या दिवसापासून घ्यायला हवं होतं, ते आम्हाला अपघाताने सापडले. वजनकाट्यावर मात्र माझं आणि खजिनदाराचं अजून एकमत नाही, त्याला वाटतं आकडा अजिबात जाहीर करू नये, मला वाटतं आकडा बघून लोकांना जोर येतो, फक्त तो रॅकवर गेलेल्याचा असावा.

या वर्षीच्या कमिटीत मी नाहीये. त्यांना डब्यांची आरास करायचीय, बाप्पाच्या मागे टोमॅटो आणि छोल्याच्या कॅनचा मोठा किल्ला, विसर्जनानंतर सगळं पँट्रीला. त्यांनी आधी कोऑर्डिनेटरना विचारलं. त्या हो म्हणाल्या, एकाच अटीवर: डब्यांना टेप आणि गोंद लावायचा नाही, कागद फाटून निघाला की आत टोमॅटो आहे की छोले ते कोणालाच कळत नाही.